चष्मेवाल्याचा कवितेचा वर्ग

चष्मेवाल्याला दोन धंदे होते. एक पोटासाठी, चष्म्यांचा. दुसरा लोकांच्या डोक्याला ताप म्हणून, कवितेचा. यंत्रावर हनुवटी टेकलेल्या गिऱ्हाइकाला पळता येत नाही हे त्याने फार लवकर हेरलं होतं. अक्षरांच्या तक्त्याखाली त्याने स्वतःच्याच दोन ओळी छापून घेतल्या होत्या. एका निवृत्त शिक्षिकेने म्हणे त्या स्पष्ट दिसत असूनही ‘काहीच दिसत नाही’ म्हणून सांगितलं आणि नको तेवढी जाड भिंगं घेऊन ती घरी गेली.

अशाच एका दिवशी सुधार केंद्राच्या समुपदेशक बाई नंबर तपासायला आल्या. मारामाऱ्या, चोऱ्या, घरातून पळणं अशा कारणांनी कोर्टाने पाठवलेली पोरंपोरी त्या सांभाळत. त्यांना लिहितं-बोलतं करायला कोणीतरी हवं होतं, तेही फुकट. चष्मेवाल्याच्या चार कविता त्यांनी मुकाट ऐकल्या आणि शनिवारी याल का म्हणून विचारलं. तो जागच्या जागी फुगला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणी बोलावलं होतं. एरवी तो आपणहून जात असे.

वर्ग म्हणजे वाचनालयामागची खोली, एक पाय लुळा असलेलं टेबल आणि भिंतीला टेकून बसलेली डझनभर थोबाडं. पहिल्याच दिवशी चष्मेवाल्याने कुठल्याशा पुस्तकातलं वाक्य ठोकून दिलं, “मनात नाही ते लिहायचं नाही.” मग ‘जीवन’ला यमक विचारलं. पोरांनी जी यमकं सुचवली ती बाईंनी वहीत न लिहिलेलीच बरी. महिनाभर हेच चाललं. तो अश्रूंना मोती म्हणायचा, दुःखाला सुगंध फासायचा आणि पोरं जांभया द्यायची. मागे त्याचं नाव ‘यमकराव’ पडलं होतं. ते त्याला कळलं तेव्हा त्याला ती पदवी वाटली.

त्यांच्यात एक चिमणी होती. अंगाने दांडगी, म्हणून चिमणी. पोलिसांच्या गाडीचा आरसा तिने बुक्कीने फोडला होता. ती वर्गात अवाक्षर बोलत नसे. म्हणून केंद्राच्या कार्यक्रमात तिने बोलायला नाव दिलं तेव्हा चष्मेवाला हरखून गेला. आईबाप, देणगीदार, दोन साहेब, सगळे बसले होते. चिमणी माईकपाशी गेली, हातात कागद नव्हता.

“काका म्हणतात, दुःखाला फुलांचा वास असतो.
आमच्या दुःखाला संडासाचा वास असतो, काका.
आमच्या घरात कडी लागणारी तेवढीच खोली आहे,
रडायचं तर तिथेच जावं लागतं.
काका म्हणतात, अश्रू म्हणजे मोती.
तसं असतं तर माझ्या आईने
केव्हाच दुकान टाकलं असतं.”

आधी हसली तिची आई. तोंडावर पदर धरूनही तिचं हसू आवरेना. मग सगळी खोली हसली, साहेबसुद्धा. हसता हसता आईचे डोळे वाहायला लागले, तशी खोली गप्प झाली. चष्मेवाल्याचे कान तापले होते. आपल्याला जन्मात न मिळालेली दाद आपल्याच नावावर दुसरीला मिळाली, हे त्याला कळत होतं आणि गिळवत नव्हतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती.

“पोरगी शहाणी आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे तुलाही तसंच वाटतं? कधीपासून?”

“लग्नाआधी तुम्ही पत्र पाठवलं होतंत ना, तेव्हापासून.”

पुढच्या शनिवारी तो वर्गाला गेला नाही. बाईंनी चिमणीला माफी मागायला दुकानावर धाडलं. ती काउंटरशी येऊन उभी राहिली.

“सॉरी म्हणायला पाठवलंय,” ती म्हणाली. “पण मनात नाही.”

चष्मेवाल्याला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याने स्टूल पुढे केलं आणि आपल्या कवितेत नेमकं काय वाईट आहे ते विचारलं. तिने सांगितलं. बराच वेळ सांगितलं. फ्रेम निवडायला आलेलं एक गिऱ्हाईकही मधे पडून दोन मुद्दे घालून गेलं.

त्यानंतर तो वर्गात टेबलापुढे उभा राहिला नाही. भिंतीला टेकून बसू लागला. गुडघे दुखत होते तरी बसला. बाई पोरांना जे लिहायला सांगत तेच स्वतःही लिहू लागला. पहिलंच वाचलं ते असं: पुस्तकाच्या दुकानात तो मुलाच्या, मेहुण्याच्या, वारलेल्या सासऱ्याच्या नावाने जाऊन स्वतःचंच कवितांचं पुस्तक विकत घेऊन यायचा, आणि दुकानदार ओळख न दाखवता ते नीट बांधून द्यायचा. पोरं खो खो हसली. एकाने पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

चिमणी सुधारली वगैरे काही म्हणता येणार नाही. टायरच्या दुकानात कामाला लागली, बरी टिकली, मग अंगचटीला येणाऱ्या मालकाच्या मुस्काटात दिली आणि पुन्हा चौकीत पोचली. आई गावाला गेलेली, म्हणून तिने चष्मेवाल्याचा नंबर दिला. तो दुकान अर्धवट बंद करून धावला. हवालदाराने विचारलं, मुलीशी नातं काय?

चष्मेवाल्याने क्षणभर विचार केला. मुलगी म्हणणं खोटं, विद्यार्थिनी म्हणणं तर त्याहून खोटं.

“माझी टीकाकार आहे,” तो म्हणाला.

हवालदाराने त्या शब्दाचं शुद्धलेखन विचारलं आणि तसंच लिहून घेतलं.