अनवाणी मास्तर आणि मागे येणारा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर दुरुस्त करणारे आमच्या भागात बरेच आहेत, पण चपला काढून ट्रॅक्टरवर चढणारा एकच. त्यांना सगळे अनवाणी मास्तर म्हणतात. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. छत्तीस वर्षं एका कारखान्यात ते इंजिनं तपासत होते आणि त्या आवाजात त्यांचे कान गेले. उजव्या कानाशी ओरडलं तर थोडं पोचतं, डाव्याने काहीच नाही. त्यांची बायको जेवायला बोलावताना हाक मारत नाही. टेबलावर दोनदा बोटं वाजवते, आणि दुसऱ्या टोकाला टेकलेल्या त्यांच्या कोपराला ते कळतं.

गेल्या मंगळवारी मी त्यांना निरोप धाडला, कारण आमची सून ट्रॅक्टरवर बसायला तयार नव्हती.

या ट्रॅक्टरला पुढे-मागे जायला स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला एक दांडा आहे. पायाने काही दाबावं लागत नाही. दांडा सरकवला की आतलं तेल दाबाने क्लचच्या चकत्या आवळतं आणि ट्रॅक्टर निघतो. ट्रॉली जोडताना सून ट्रॅक्टर मागे घेते आणि मी मध्ये उभी राहून पिन टाकते. नऊ वर्षं आम्ही दोघी असंच करत आलो. त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी तिने दांडा मागे सरकवला आणि ट्रॅक्टरने उडीच मारली. मी बाजूला कशी झाले ते मला आजही आठवत नाही. चष्मा मात्र दोन लोखंडांच्या मध्ये सापडून चुरा झाला.

मला ओरखडाही नव्हता. पण सुनेने किल्ली खिळ्याला अडकवली ती अडकवलीच. मुलगा नोकरीला लांब, कापलेला चारा शेतात वाळत पडलेला आणि गोठ्यात अकरा गाई. तिने ट्रॅक्टर सोडला तर गाई ठेवणं आम्हाला शक्य नव्हतं.

आल्या आल्या मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला, "उडी कधी मारतो?"

मी ट्रॅक्टरच्या कामाची वही डोळ्यांजवळ धरून त्यांच्या उजव्या कानाशी मोठ्याने वाचलं, "सोमवारी पावणेबाराला, थोडीशी. बुधवारी दुपारी दोनला, तशीच. शुक्रवारी साडेअकराला, चष्मा गेला ती. सकाळी सात-आठला एकदाही नाही."

"आई, हळू," सून म्हणाली, "शेजारी समजतील आपलं भांडण लागलंय."

"आणि तेलाचा दाब ठरवणाऱ्या स्क्रूला हात कोणी लावला?" मास्तरांनी विचारलं.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. आमचे चिरंजीव मागच्या महिन्यात रजेवर आले होते. सकाळी दांडा सरकवल्यावर ट्रॅक्टर निघायला वेळ लावतो म्हणून त्यांनी फोनवर बघून बघून पाना फिरवला होता. ट्रॅक्टर लगेच सुधारला आणि ते छाती फुगवून परत गेले. हे सगळं मी मास्तरांच्या कानाशी सांगितलं.

"थंड तेल जड असतं, पोरी. ते सावकाशच जाणार. साहेबांनी त्याला घाई करायला लावली. तेच तेल तापून पातळ झालं की धावत सुटतं आणि चकत्या एकदम आवळतात. तोवर साहेब गाडीत बसून गेलेले!"

"हे तुम्हीच त्यांना सांगा," सून म्हणाली. "मी सांगितलं तर म्हणतील, तुलाच चालवता येत नाही."

मास्तरांनी आधी तासभर ट्रॅक्टर नुसताच फिरवला. तेल तापल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. मग दाब मोजायचं गेज जोडलं, चपला उतरवल्या आणि दोन्ही तळवे पायाखालच्या पत्र्यावर टेकवले. डोळे मिटून दांडा पुढे, मग मध्ये, मग मागे. खाली उतरून स्क्रू जागेवर धरणारा चेकनट सैल केला, स्क्रू पाव फेरा मागे घेतला, पुन्हा वर चढले. असं सात वेळा. सहाव्या वेळी सून म्हणाली, "काटा तर बरोबर दाखवतोय की!"

तिचे ओठ वाचून ते म्हणाले, "काट्याला ट्रॉली जोडायची नाहीये."

मी विचारलं, तुम्हाला नेमकं कळतं काय? ते म्हणाले, "वहिनी, चकत्या आधी नुसत्या टेकतात, मग धरतात. मध्ये जरा वेळ जातो. तेवढा मला लागतो." मी मडगार्डवर तळहात ठेवून पाहिला. मला नुसती थरथर कळली. पंचवीस वर्षं घरात ट्रॅक्टर आहे, पण त्या थरथरीच्या आत आणखी काही असेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी हात काढला तो देवघरातून काढावा तसा.

चेकनट आवळून आणि सुनेला वर बसायला लावून मास्तर ट्रॉलीपाशी गेले आणि ट्रॅक्टरकडे पाठ करून पिन घेऊन उभे राहिले. "ये मागे."

"मास्तर, तोंड इकडे करा!" सून ओरडली. त्यांना कुठलं ऐकू जायला? "आई, सांगा ना त्यांना!"

मी पुढे होऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बघत राहिलो तर मी वेळेवर सरकेन. मग तिला काय कळणार?"

सुनेने एकदा मागे वळून अंतर पाहिलं. मग तिने दांडा सरकवला. झोपलेल्या बाळाच्या खोलीत पाऊल टाकावं तसा ट्रॅक्टर मागे आला, वीतभर, आणखी वीतभर, आणि थांबला. मास्तरांनी वळून पिन टाकली. मग लगेच काढली आणि माझ्या हातात दिली.

"आता वहिनी."

"अजिबात नाही," सून म्हणाली. "आई, तुम्ही हला तिथून."

"अगं, ये," मी म्हटलं. मी पिन घेऊन ट्रॉलीला टेकले. ट्रॅक्टर थोडा पुढे गेला, थांबला, आणि मग ते भलंमोठं धूड माझ्याकडे इतक्या हळुवारपणे आलं की मला पिन टाकायचं भानच राहिलं नाही.

"आई! पिन!"

मी पिन टाकली. सून खाली उतरलीच नाही. तशीच ट्रॉली घेऊन चाऱ्याच्या शेताकडे निघाली आणि वळणावरून ओरडली, "गोठ्याचं मोठं दार उघडून ठेवा, दोन खेपा आणते!"