माइकवर घेतलेली देणगी

घानातल्या आपामच्या किनाऱ्यावर कुणी वारलं, की घरचे आधी दोघांकडे धावत. एक, पेटी करणारा सुतार आणि दुसरी, देणग्या पुकारणारी एकुआ एसिल्फी. अंत्यविधीच्या मांडवाच्या तोंडाशी टेबल, टेबलावर माइक आणि माइकमागे काळ्या-लाल कापडात ऐसपैस बसलेली एकुआ. कोण आलं, किती दिलं, कशासाठी दिलं, सगळं भोंग्यावरून गावभर. आवाज असा खणखणीत, की चिक्कूतला चिक्कू माणूससुद्धा टेबलापाशी पोचेपर्यंत आपण होऊन आणखी एक नोट काढायचा. आपलं नाव पाच सेडींना चिकटून गावभर फिरलेलं कुणाला आवडेल?

त्या टेबलाची रीत कडक. माइकवर बोललं तेवढंच खरं. दिलेलं मागे घेता येत नाही, आणि न बोललेली अट मागाहून काढता येत नाही. गावच्या मुखियाचा काठीवाला शेजारी बसतो तो त्यासाठीच. त्यानं काठी आपटली, की विषय संपला.

अशाच एका अंत्यविधीला डॉक्टर क्वेसी अबाका आले होते. केप कोस्ट शहरात औषधांच्या दुकानाच्या वरच्या तीन खोल्यांत त्यांची थिंक टँक होती. म्हणजे सरकार बोलतं तसं वागतं का, हे खणून काढणारी पाच-सहा पोरंपोरी, आणि सकाळी रेडिओवर मंत्र्यांशी भांडायला स्वतः डॉक्टर. काम नंबरी, खिसा फाटका. युरोपातलं एक प्रतिष्ठान पैसे पाठवायचं म्हणून दिवा जळत होता.

"मावशी, मेलेल्यांसाठी एवढं गोळा करता, जिवंतांसाठी कराल का?" डॉक्टरांनी विचारलं.

"पगार देशील तर करीन. मेलेल्यांच्या घरी निदान चहाला तरी विचारतात."

आणि बाईनं केलं. होड्यांचे मालक, शाळामास्तर, पाद्री, कुणाला सोडलं नाही. पण तिचा खरा जीव मासे धुरवणाऱ्या बायकांत. तिची आई त्यांच्यातलीच. भट्टीच्या धुरानं डोळे लाल झालेल्या त्या बायका पाच-दहा सेडी काढून द्यायच्या आणि खडसावून विचारायच्या, "उद्या एखाद्या पुढाऱ्यानं तुमचं हापिस विकत घेतलं तर गं?"

"तर माझ्या नावानं थुंका," एकुआ म्हणायची. नाव म्हणजे तिची सगळी कमाई, आणि तीच तिनं गहाण टाकलेली.

मग तो अहवाल तयार झाला. होड्यांच्या इंजिनासाठी सरकार स्वस्तात इंधन देतं. ते किनाऱ्यावर पोचायच्या आत रस्त्यावरच्या पंपांवर चढ्या भावानं विकलं जातं, आणि होड्या वाळूत पडून राहतात. पोरांनी पंपांची नावंसुद्धा शोधून काढली. नेमका तेव्हाच युरोपातून येणारा पैसा आटला. तीन महिने पगार नाही. आणि अशा वेळी दारात उभे राहिले अटा क्वान्सा. अर्ध्या पंपांचे मालक, पक्षाचे खजिनदार आणि यंदाचे उमेदवार. दोन लाख सेडी देतो म्हणाले. एवढंच, की अहवाल निवडणुकीनंतर काढा.

"नंतर काढूच ना, मावशी," डॉक्टर मान खाली घालून म्हणाले. "आधी जगायला तर हवं."

एकुआ भडकली. संताप तर असा, की दोन ठेवून द्याव्यात. "कशाच्या जोरावर जगायचं रे? त्या बायकांना मी शब्द दिलाय. उद्या किनाऱ्यावर तोंड कुठलं दाखवू?"

"मग पोरांना काय घरी पाठवू?"

एकुआ खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. मग म्हणाली, "घे पैसे. पण आपामला होणाऱ्या आपल्या हापिसाच्या वार्षिक सभेत, माझ्या टेबलावर. पुकारल्याशिवाय मी कुणाचा छदाम घेत नाही. आणि येताना अहवाल घेऊन ये."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले, पण नाही म्हणाले नाहीत.

क्वान्सांना तर निरोप ऐकून गुदगुल्या झाल्या. निवडणूक तोंडावर, आणि आपलं नाव एकुआच्या आवाजात गावभर. फुकटचा प्रचार कोण सोडतो? टेबलाची रीत त्या माणसाला जन्मापासून ठाऊक. पण मोठेपणाची हाव सुटली, की माणूस आपल्याच गावची रीत विसरतो.

मंगळवार होता. रिवाजाप्रमाणे मंगळवारी मासेमारीला कुणी जात नाही, त्यामुळे मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. क्वान्सा पांढऱ्याशुभ्र कापडात आले, नोटांचं जाड पाकीट टेबलावर ठेवलं, चहूकडे हात हलवला. एकुआनं श्वास घेतला. इथं चुकलं, तर नावही जाणार आणि पोरांची भाकरीही.

"अटा क्वान्सा," भोंगे दणाणले, "दोन लाख सेडी."

टाळ्यांचा कडकडाट. तिनं तो ओसरू दिला.

"कशासाठी, साहेब? काही अट असेल तर आत्ताच सांगा. गाव ऐकतंय."

तिनं माइक त्यांच्या तोंडासमोर धरला. क्वान्सांचं हसू जागच्या जागी थिजलं. अट सांगावी तर गावासमोर नागडं व्हायचं, न सांगावी तर ती गेली. समोर पहिल्या रांगेत लाल डोळ्यांच्या बायका बसल्या होत्या.

"अट कसली," ते कसेबसे म्हणाले. "गावाच्या भल्यासाठी दिलेत."

काठीवाल्यानं काठी आपटली.

"ऐकलंत सगळ्यांनी? बिनअट," एकुआ म्हणाली. "डॉक्टर, वाच आता."

डॉक्टर उठले. पहिली ओळ वाचताना आवाज कापरा होता, तिसऱ्या ओळीला रेडिओवरचा आवाज सापडला. कुठलं इंधन, कुठला पंप, किती पिंपं. पहिल्या पंपाचं नाव आलं आणि बायका उठून उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी क्वान्सांना विचारलं, "हा तुमच्या घराजवळचाच ना हो?" मांडवभर खसखस पिकली.

क्वान्सा टेबलावर ओणवे झाले. "पाकीट परत दे, बाई," ते दातओठ खात कुजबुजले.

एकुआला हसू आवरेना. अंगावरून मोठं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं तिला. तिनं माइक पुन्हा त्यांच्यासमोर धरला आणि अगदी अदबीनं म्हणाली, "इथं बोला, साहेब."

क्वान्सांनी माइककडे पाहिलं, काठीवाल्याकडे पाहिलं आणि ते खुर्चीत जाऊन बसले. डॉक्टरांनी पान उलटलं आणि पुढच्या पंपाचं नाव वाचलं.