सीतादहीचे सात खडे

मी अन् माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दही लावणं. मी मडकं धरलं, तिनं दुधात विरजण घातलं. सकाळी कापसाची पहिली वेचणी होती. आमच्या दर्यापूरकडे वेचणीआधी बाया सीतादही करतात. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, देवी म्हणून सात खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात दाखवायचा, मगच कापसाला हात लावायचा.

"यंदा खडे पोरगी मांडंन," ती म्हणाली. आमची पोरगी तेरा वर्षांची, लग्न झालेलं. माघात तेल्हाऱ्याला सासरी जायची होती. "तिथं इचारतीन, तुमच्या घरी कसं करता. तिले सांगता आलं पायजे. नाईतं म्हनतीन, मायनं काईच नाई शिकोलं."

त्या वर्षी समुद्रापार कुठं लढाई लागली होती म्हणे, अन् इकडे कापसाचा भाव चढून अमरावतीचे दलाल वावरावावरात हिंडत होते. एकाची गाडी सकाळीच आमच्या वावरात येणार होती. मी म्हणालो, "दगड कुठी पयून नाई जात. गाडीवाला पयून जाईन."

"तुमी तं पोरगीबी गाडीत भरून धाडान," ती म्हणाली. हसली नाही.

सकाळी मी बायांना थेट वेचायला लावलं. पोरीलाही. दुपारी माझ्या बायकोला पटकीनं गाठलं, दिवस मावळायच्या आत गेली. लोक म्हणाले, देवी कोपली. मी मानत नाही. पटकी गावात आधीपासूनच होती. पण खडे राहिले ते माझ्यापायी, ते काही पटकीनं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मडकं उचललं अन् पोरीला घेऊन धुऱ्यावर गेलो. म्हटलं, "मांड खडे. मायच्या मनात होतं."

ती उभीच. "बाबा, सुतक हाये. सुतकात नाई चालत. मायनं सांगतलं हाये."

"अन् मांडाचे कसे, ते सांगतलं?"

"ते काल दाखोनार होती."

काय करू नये, एवढं पोरीला आईनं दिलं होतं. काय करावं ते द्यायचा दिवस मी खाल्ला. माझ्याकडून ती शिकली एवढंच, की गाडी आली म्हणजे बाकी सगळं मागं.

कालपासून थांबलेला गाडीवाला बैल जुंपून बसला होता. त्याला म्हटलं, "जाय. सुतक फिटल्याबिगर या वावराले कोनी हात लावनार नाई." कालचा वेचलेला कापूसही त्याला दिला नाही. तो शिव्या देत गेला. वावर पांढरंशुभ्र फुटलं होतं. ते तसंच ठेवून, मडकं घेऊन, मी पोरीच्या मागं मागं घरी आलो.