ओहोटीत अडकलेली बोट आणि झुबाराचा कोरडा कालवा

इंग्लंडमधली बोट पक्की करायची की सोडून द्यायची, हे महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं आणि सुहास रोज "बघू" म्हणत होता. इतक्या वर्षांच्या संसारात मला नवऱ्याच्या "बघू"चे प्रकार कळायला लागलेत. हा नकाराकडे झुकणारा होता.

बोट म्हणजे नॅरोबोट. जेमतेम सात फूट रुंद, पण लांबलचक. आत चूल, पलंग, छोटी खिडकी. इंग्लंडच्या जुन्या कालव्यांवरून ती माणसाच्या चालीने जाते. आठवडाभर भाड्याने मिळते आणि आपणच चालवायची असते. इथे कतारला, दोह्यातल्या मुशैरिब भागातल्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत मी तिचे व्हिडिओ बघत आले आहे. दोन्ही बाजूंना झाडं, दगडी पूल, मागे सुकाणूचा दांडा धरून उभी असलेली कुणीतरी माझ्या वयाची बाई.

अडचण एवढीच की सुहास पाण्याला घाबरतो. त्याचं गाव नीरेच्या कालव्यावर. शाळेत तो कालव्याच्या भरावावरूनच जायचा, पण पाण्यात त्याने कधी पाय घातला नाही. दोह्यात पाहुणे आले की मी त्यांना ढाऊतून, इथल्या लाकडी गलबतातून, फिरवून आणते आणि हा कॉर्निशवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या रस्त्यावर, सगळ्यांच्या चपला राखत बसतो. तो उत्तरेकडे रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्टमध्ये काम करतो, आठवडाभर तिथेच जवळ अल खोरला राहतो. म्हणून मी सुचवलं, "या शुक्रवारी मीच तिकडे येते. अल थखिराच्या तिवरांमध्ये दोघांची वल्ह्याची बोट घेऊ. जमलं तर इंग्लंड, नाही तर खलास."

"परीक्षा घेतेयस का माझी?"

"दोघांची," मी म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं.

दोह्याहून अल थखिरा गाडीने तासाभरावर आहे. रस्ता उत्तम; शेवटचा तुकडा तेवढा कच्चा. नोव्हेंबर ते मार्च हेच दिवस जाण्यासारखे. बोटीचं भाडं दोह्यातल्या एका बऱ्यापैकी जेवणाइतकं पडतं. सोबत माणूस घेतला तर जास्त. आम्ही घेतला नाही, आणि इथेच आमची चूक झाली.

बोटवाला बांगलादेशी होता. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना तो म्हणाला, "जल्दी वापस आना मैडम. पानी जाएगा."

आम्ही दोघंही देशावरची. पाणी जाणं म्हणजे काय, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं: वरून सोडणं बंद झालं की कालवा हळूहळू, दोन दिवसांत उतरतो. शिवाय आत शिरताना प्रवाह विरुद्ध लागत होता. म्हणजे येताना तोच आपल्याला आणून सोडेल, असा हिशेब मी केला. समुद्राच्या पाण्याला वरचं आणि खालचं अंग नसतं, हे मी शाळेत शिकले आहे. वल्हं हातात आल्यावर मात्र कालवाच आठवला.

सुहास पुढे, मी मागे. सगळा वेळ मला त्याची फक्त मान दिसत होती, ताठ. दोन्हीकडे तिवरांची हिरवी भिंत, चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळं, आणि वळण घेतलं की अचानक उथळ पाण्यात उभे असलेले फ्लेमिंगो. इतकं शांत की वल्ह्यावरून गळणारे थेंब ऐकू यावेत. मी म्हणाले, "बघ ना, किती सुंदर!" तो म्हणाला, "बघतोय." मान हलली नाही.

मग बोटीचा तळ कशाला तरी घासला. वल्हं टेकवलं तर ते चिखलात रुतलं. आम्ही जिथून आलो, ती वाट आमच्या डोळ्यांदेखत नुसता ओला चिखल होत चालली होती.

मी फोन लावला. "पानी गया, मैडम," बोटवाला शांतपणे म्हणाला. "बोला था ना. मैं आया तो मेरा नाव भी बैठेगा. आप आराम से बैठो. दो-ढाई घंटे में पानी आएगा, इन्शाल्ला."

मी सुहासची माफी मागायला तोंड उघडलं, तर तो बोटीतून उतरलासुद्धा. घोटाभर चिखलात उभा राहून आळोखेपिळोखे देत होता. बूट काळे झाले होते आणि चेहरा सकाळपासून पहिल्यांदा मोकळा झाला होता. "उतर की," तो म्हणाला, "जमीन आहे."

आम्ही बोटीच्या कडेवर बसून मेथीचे ठेपले खाल्ले. लहान खेकडे बिळांतून डोकावत होते. तेव्हा मी त्याला विचारलं, जे इतक्या वर्षांत आडून आडून विचारत आले होते: लहानपणी काही झालं होतं का? कुणी बुडालं होतं का?

"नाही गं. तुला काहीतरी गोष्ट पाहिजे असते. आई म्हणायची, भरावावरून जा, पाण्याकडं जाऊ नको. नाही गेलो. एवढंच."

मला थोडी निराशा वाटली, आणि तिची लाजही वाटली. कारण सापडलं की भीती काढता येईल, असं मी धरून चालले होते. ती काढायची आहे का, हे त्याला कधी विचारलंच नव्हतं.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "तुझ्या त्या बोटीच्या व्हिडिओत मधेच दारं येतात. ती कोण उघडतं?"

मी त्याला लॉक समजावून सांगितलं. चढ आला की कालव्यात दोन दारांमधली एक खोली असते. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, बोट वर येते. दारं उघडायला एक जण आधी उतरून काठाने पुढे जातो.

"काठाने?"

"हो. वाट असते ना कडेने. पूर्वी घोडे त्या वाटेवरून बोट ओढायचे."

"म्हणजे पाटकरी!" तो हसला. कालव्याची दारं उघडणारा, गावोगाव पाणी सोडणारा माणूस. "बोटीत नसतो तो."

मी ठेपल्यांचा डबा बंद केला. पाणी परत आलं ते कुठूनच आल्यासारखं नाही; चिखलच हळूहळू चकाकायला लागला. सुहास बोटीत बसला आणि त्याची मान पुन्हा ताठ झाली. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "बोलत राहा काहीतरी." मी घराच्या वाणसामानापासून ऑफिसातल्या भांडणापर्यंत सगळं बोलत राहिले. काठाला लागलो तेव्हा त्याच्या तळहातांवर वल्ह्याचे लाल वळ होते. हे मी घडवून आणलं होतं. इंग्लंडला नकार कळवायचा, असं मी त्या रात्री अल खोरला मनाशी ठरवून टाकलं.

शनिवारी झुबाराला गेलो, ते आधीपासून ठरलं होतं म्हणून. वाटेत मदिनत अश शमाल गावात करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहासाठी थांबलो. (पेट्रोल इथेच भरून घ्या.) आमचं मराठी ऐकून शेजारच्या टेबलावरचा एक ड्रायव्हर खुर्ची ओढून आला. बीडकडचा होता.

"कुठं फिरून आलात म्हणायचं, साहेब? बुटाला लई चिखल दिसतोय."

सुहासने सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. "पैसे देऊन गाळात रुतलात? ताई, मला सांगायचं, फुकट रुतवलं असतं!" मग एकदम गंभीर होऊन त्याने विचारलं, "आणि आज?"

"कालवा बघायला चाललोय. कोरडा."

"हां, हे बरंय," तो सुहासला म्हणाला. "यल्ला, निघा उन्हाच्या आत."

झुबारा हे मोती आणि व्यापारावर मोठं झालेलं जुनं शहर. आता वाळूतल्या भिंतींच्या रेषा उरल्यात. दिसतो तो किल्ला बराच नंतरचा. जवळच मुरैर नावाच्या आणखी जुन्या गढीच्या खुणा आहेत, आणि समुद्रातून थेट त्या गढीपर्यंत बोटी याव्यात म्हणून कालवा खणला होता, असं मी वाचलं होतं. सावली अजिबात नाही. पाणी आणि टोपी विसरू नका.

रखवालदाराने हाताने दिशा दाखवली. "इधर से नाव आता था. चलो, लेकिन पत्थर को हाथ नहीं लगाना." तिथे एक लांबट, उथळ खोलगट पट्टा होता. तोच कालवा, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. मी त्यात उतरून चालायला लागले. सुहास वरच राहिला, कडेच्या उंचवट्यावर.

बरंच अंतर आम्ही तसेच चाललो. मी खाली, तो वर, एकाच चालीने. समुद्राची निळी रेघ समोर होती आणि वारा इतका की बोलायला ओरडावं लागत होतं. मधेच त्याचा आवाज आला, "अगं, डावीकडं घे! दगड आहे!" मी डावीकडे घेतलं. थोडं पुढे गेल्यावर तो माझ्यापुढे निघून गेला, वळला, आणि दोन्ही हातांनी एक भलंमोठं अदृश्य दार ढकलायला लागला. खरंच जोर लावून, कमरेत वाकून. मग घाम पुसत म्हणाला, "ये. उघडलं."

मी आत गेले.

परतीच्या वाटेवर मी त्याला विचारलं, आठवडाभर मी बोटीवर आणि तू काठावर, ही कसली सहल? तो म्हणाला, "रात्री बोट बांधतात ना काठाला? मग झोपायला येईन की." मला अजून खात्री नाही. एवढी लांब बोट एकटीने सांभाळणं मला जमेल का, हा प्रश्न आता माझ्यासमोर पहिल्यांदा उभा राहिला आहे. इतके दिवस मी त्याच्या भीतीमागे बसून स्वतःची बघितलीच नव्हती. पण दोघांनी एकाच जागी बसायला हवं, हा हट्ट कुणाचा होता, ते मला त्या खोलगट पट्ट्यात चालताना कळलं.

घरी आल्यावर बूट घासून बाल्कनीत वाळत ठेवले. सुहासच्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता. तो हातात घेऊन त्याने उलटसुलट बघितला.

"नवे घ्यावे लागतील," तो म्हणाला. "पावसात चालायचे घेऊ. तिकडे पाऊस असतो ना?"