ठोकळे नापास झाले तेव्हा

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका भाड्याच्या गाळ्यात आमची लॅब होती. माझं काम काँक्रीट फोडायचं. बांधकामावर जे काँक्रीट ओततात त्यातलंच थोडं लोखंडी साच्यात भरून वीतभर ठोकळे करतात, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवतात आणि मग लॅबला पाठवतात. आम्ही तो ठोकळा मशीनमध्ये ठेवून दाबायचा आणि किती दाबाला फुटला ते लिहायचं. ठरलेला दाब सोसून फुटला तर पास, आधीच फुटला तर नापास. फुटतो तो दोन्ही वेळेला. सिव्हिलचा डिप्लोमा करून मला ही नोकरी लागली तेव्हा गंगापूरकडच्या आमच्या गावात वडिलांनी सांगितलं की पोरगी इंजिनियर झाली. आईनं सांगितलं की ती दगड फोडते. आईचं जास्त बरोबर होतं.

नापास फारसं कुणी व्हायचं नाही. कारण उघड होतं. ठोकळ्याचं काँक्रीट आणि इमारतीचं काँक्रीट यांचं नातं म्हणजे लग्नाच्या बायोडेटातला फोटो आणि प्रत्यक्षातला मुलगा. ठोकळ्यासाठी कंत्राटदार वेगळं घमेलं कालवायचे, सिमेंट सढळ हातानं घालायचे. आम्हाला हे माहीत होतं, सरकारी खात्याला माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे म्हणून कुणालाच त्याबद्दल काही वाटत नव्हतं.

मग ज्या वर्षी शहराचं नाव बदललं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका गावाचे तीन ठोकळे आले. गाव दौलताबादच्या पुढं, वेरूळच्या रस्त्यापासून थोडं आत. तिथं गावाच्या सभागृहाचा स्लॅब पडला होता. पडला म्हणजे ओतला होता, आमच्या धंद्यात हा शब्द जपून वापरावा लागतो. मशीन चालवायचे ते आमचे चाचा, साठीच्या पलीकडचे, अख्खं आयुष्य काँक्रीट फोडण्यात गेलेले. त्यांनी पहिला ठोकळा लावला. तो लवकरच फुटला. दुसरा त्याच्याही आधी. तिसऱ्याला चाचा म्हणाले, "ये भी गया."

मला आनंद झाला हे कबूल करते. दोन वर्षं मी नुसती पास-पास लिहीत होते. मी रिपोर्ट टाइप केला, 'नापास' हा शब्द ठळक केला, सही ठोकली आणि पाठवून दिला.

आठवड्यानं खात्याच्या साहेबांचा फोन आला. करारातल्या बावीस नंबरच्या कलमाप्रमाणं संयुक्त पाहणी करायची होती आणि लॅबचा माणूस हजर पाहिजे होता. असल्या करारांना दोन-अडीचशे पानं असतात आणि ती सगळ्यांनी सही करण्यासाठी असतात, वाचण्यासाठी नाही. पण मी जायच्या आदल्या दिवशी कलम बावीस वाचलं. त्यात लिहिलं होतं की माल चाचणीत नापास झाला तर कंत्राटदाराला लेखी कळवावं. त्याला वाटलं तर त्यानं स्वतःच्या खर्चानं फेरचाचणी मागावी. छताचं काम असेल तर थेट छतातून नमुने कापून काढावेत आणि तेही नापास झाले तर तेवढा भाग पाडून पुन्हा बांधावा. खाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं. जेवणाची वेळ झाली म्हणून मी तिथंच थांबले.

सभागृहाच्या खाली पाच-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. नापास स्लॅबच्या सावलीत बसूनच त्याच्यावर चर्चा होणार होती. साहेब होते, कंत्राटदार होता आणि गावच्या सरपंचबाई होत्या. बाई पन्नाशीच्या, धनगराच्या घरातल्या. घरची मेंढरं अजून होती आणि सरपंच झाल्यावरही त्या सकाळी त्यांच्यामागं जातात असं साहेबांनी वाटेत जरा हसत सांगितलं होतं. कंत्राटदार पस्तिशीचा, पांढरे कपडे, पांढरी गाडी, काळा गॉगल.

साहेबांनी रिपोर्ट वाचला. कंत्राटदार ऐकत होता तोवर ठीक होता. मग त्याचा तोल गेला.

"हे शक्यच नाय, मॅडम," तो मला म्हणाला. "काहीतरी चुकतंय तुमचं."

"तिन्ही ठोकळे नापास आहेत," मी म्हणाले. "एखादा असता तर गोष्ट वेगळी."

"अहो पण ते ठोकळे मी स्वतः उभा राहून बनवलेत. त्याच्यात सिमेंट दीडपट टाकलं होतं मी. दीडपट. ते नापास होतीलच कसे?"

साहेब छताकडं बघायला लागले. आपण निर्दोष आहोत हे पटवण्यासाठी या माणसानं आपण लबाडी केल्याचं सांगून टाकलं होतं, आणि त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं गॉगल डोळ्यावर चढवला.

सरपंचबाईंनी पदर सावरला आणि शांतपणं विचारलं, "म्हन्जे ठोकळ्यात सिमेंट दीडपट. आन् ह्या छतात किती?"

"छतात बरोबर आहे, मावशी. जेवढं पाहिजे तेवढं."

"बरं." मग त्या माझ्याकडं वळल्या. "आन् बाई, त्यो म्हनतो तेबी खरं असंल. लबाडी कबूल करनारा मानूस सिमेंटाबद्दल खोटं कामून बोलंल? मग इतकं सिमेंट घालून ठोकळा फुटला कसा? तुमची मशीन ठोकळ्याची परीक्षा घेती. मशीनची परीक्षा कोन घेतं?"

"घेतात," मी म्हणाले. "दरवर्षी. त्याचं सर्टिफिकेट असतं."

"तुमी पाहिलंय?"

मी 'हो' म्हणाले. मी पाहिलं नव्हतं.

फेरचाचणी घ्यायची, छताला तीन जागी भोकं पाडून नमुने काढायचे, एवढं ठरवून मी परत निघाले. रस्ताभर बाईंचा प्रश्न डोक्यात होता, आणि सगळ्यात जास्त राग मला त्यांचाच येत होता.

लॅबमध्ये आल्यावर मी मशीनसमोर उभी राहिले. आमच्याकडं दसऱ्याला मशीनची पूजा अगदी साग्रसंगीत व्हायची. हळदकुंकवाची बोटं, झेंडूची माळ, नारळ. त्या वर्षीची माळ वाळून अजून लटकत होती. ती बाजूला केली, खाली हळदीचा थर होता तो ओल्या फडक्यानं पुसला, आणि त्याखाली मशीन तपासल्याचं स्टिकर निघालं. त्यावर शहराचं जुनं नाव होतं. नाव बदललं तेव्हा आम्ही पाटी बदलली, शिक्का बदलला, लेटरहेडचे गठ्ठे नवे छापले. स्टिकर मात्र जुनंच होतं आणि त्यावरची मुदत संपून आठ महिने झाले होते.

"चाचा, हे काय?"

चाचांनी चष्मा वर करून बघितलं. "वो तो कब का खतम है. मैंने सर को दो बार बोला. सर बोले, अगले महीने." मग मशीनवर हात ठेवून म्हणाले, "अब मैडम, मशीन भी मेरे जैसी हो गई. जल्दी हाँप जाती."

मग मी करार पुन्हा काढला आणि जेवणासाठी सोडलेलं बारीक अक्षर वाचलं. त्यात लिहिलं होतं की चाचणीचं यंत्र प्रमाणित नसेल तर ती चाचणी झालीच नाही असं धरावं. माझा ठळक अक्षरातला रिपोर्ट म्हणजे रद्दी होती.

आमचे सर, म्हणजे लॅबचे मालक, वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांचा विश्वास पूजेवर जास्त होता. मी स्टिकरचं सांगितल्यावर ते म्हणाले, "एवढं काय त्यात? तपासणीवाल्याला बोलावतो. मागची तारीख टाकून देईल तो."

"सर, आठ महिन्यांचे जवळपास सगळे रिपोर्ट माझ्या सहीचे आहेत."

"म्हणून तर सांगतोय, गप्प बस."

मी गप्प बसले. इथं मी ठणकावून काहीतरी बोलले असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मी टेबलावर जाऊन बसले आणि आठ महिन्यांत किती इमारतींवर सही केली ते आठवत राहिले. शाळा, पाण्याच्या टाक्या, एक दवाखाना. मशीन खोटं बोलत असेल तर ते कुणाच्या बाजूनं बोलतंय, हेही मला माहीत नव्हतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मागं मेंढरांचा आवाज होता.

"बाई, सरपंच बोलतेय. त्या मशीनचं पाहून सांगते म्हनला होता."

मी असं काही म्हणाले नव्हते. बाईंनी ते परस्पर माझ्या नावावर टाकलं होतं. मला आता खोटं बोलायचं झालं तर नव्यानं बोलावं लागणार होतं, आणि तेवढं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"कुणी नाही तपासत, मावशी," मी म्हणाले. "आठ महिने झाले, कुणी तपासलेलं नाही."

पलीकडं बाईंनी आधी एक मेंढरू हाकललं.

"बरं झालं सांगितलं," बाई म्हणाल्या. "मग आता लिहून द्या तसं. तोंडी सांगितलेलं साहेब लोक इसरतात."

मी लिहून दिलं. खात्याला पत्र गेल्यावर सर दीड दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि मग एकदम खूप बोलले. ते इथं देत नाही. पण त्यांना तपासणीवाल्याला बोलवावं लागलं, तेही खऱ्या तारखेनं. तो माणूस आला, त्यानं आपलं उपकरण मशीनमध्ये ठेवून दाबलं, आकडे लिहिले आणि म्हणाला की तुमचं मशीन कमी दाखवतंय. म्हणजे ठोकळा जेवढा दाब सोसायचा त्यापेक्षा कमी आकडा आम्हाला दिसायचा. मी खुर्चीत बसले. आठ महिन्यांत आम्ही ज्यांना पास केलं ते खरोखर पास होते, उलट जरा जास्तच. दवाखाना उभा राहणार होता.

आता उरले नापास केलेले. त्या गावाचे ठोकळे सोडले तर एकच प्रकरण निघालं. एका शाळेच्या कुंपणाचे सहा खांब सरांच्या सहीनं नापास होऊन पाडले होते, तेव्हा मी रजेवर होते. पण सर काही फोन करणार नव्हते. मीच त्या कुंपणाच्या कंत्राटदाराला फोन करून माफी मागितली. तो मोठ्यानं हसला. "जाऊ द्या, मॅडम. ते खांब वाकडेच होते. मीच कारण शोधत होतो."

सभागृहाची फेरचाचणी दुसऱ्या लॅबनं केली, मी बघायला गेले. छताचा नमुना काढायचा म्हणजे गोल पात्याचं यंत्र स्लॅबवर रोवून नळकांड्यासारखा तुकडा कापून घ्यायचा. साहेबांनी नकाशा बघून तीन जागांवर खडूनं खुणा केल्या. सरपंचबाई शिडीनं वर आल्या, तिसऱ्या खुणेपाशी गेल्या आणि ती चपलेनं पुसून टाकली. मग चालत पूर्वेच्या कोपऱ्यात गेल्या.

"हितं काढा."

"असं कुठंही काढता येत नाही, बाई," साहेब म्हणाले.

"कामून? करारात लिव्हलंय का, कुठं काढायचं?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी आता कलम बावीस पाठ करून आले होते. "लिहिलेलं नाही, सर," मी म्हणाले. "तीन जागा एवढंच आहे."

"पण इथंच का?" साहेबांनी विचारलं.

"स्लॅब पडला त्या दिशी मी खाली मेंढरं घेऊन बसले व्हते. सांज व्हायला आली तशी ह्यांना घाई झाली. माल घट्ट झाला म्हनून पाइपानं पानी मारलं त्याच्यात. पातळ ताकावानी माल ह्या कोपऱ्यात ओतला. मी इचारलं तर म्हनले, मावशी, तुमाला काय कळतं."

कंत्राटदार गॉगल पुसत होता.

पहिल्या दोन जागचे नमुने पास झाले. चांगले पास झाले. बाईंचा नमुना हातात घेतला तेव्हाच त्याच्या कडेची वाळू बोटाला लागत होती. तो नापास झाला, आणि या वेळी मशीनबद्दल कुणाला काही म्हणायला जागा नव्हती. कलमात लिहिल्याप्रमाणं तेवढा भाग, म्हणजे पूर्वेकडच्या एका दालनावरचं छत, पाडायचं ठरलं. कंत्राटदारानं महिनाभर टाळलं, मग पाडलं. पुन्हा स्लॅब ओतला त्या दिवशी बाईंनी वर खुर्ची मागवली आणि पहिल्या घमेल्यापासून शेवटच्या घमेल्यापर्यंत तिथं बसून राहिल्या. जेवणही वरच मागवलं. पाण्याचा पाइप त्यांनी खुर्चीच्या पायाला बांधून ठेवला होता, असं मला नंतर कंत्राटदारानंच सांगितलं. त्याच्या आवाजात तक्रार कमी होती आणि धास्ती जास्त.

सभागृहाच्या उद्घाटनाला मला बोलावणं होतं. कंत्राटदारानं भाषण केलं आणि गुणवत्तेच्या बाबतीत आपण कधीच तडजोड करत नाही असं सांगितलं. टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या. नंतर पंगतीत त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, ताटात न विचारता दोन भाकरी टाकल्या आणि म्हणाल्या, "लई बारीक झालीस. त्या मशीनपायी का?"

मी हो म्हणाले. यावेळी ते खरं होतं.

पुढं वर्षभरानं मी ती लॅब सोडली. आता मी एका कचेरीत करार लिहिण्याच्या विभागात आहे. लिहिणं म्हणजे जुन्या करारातलं नव्या करारात उतरवणं. चाचणीच्या कलमात मी एक वाक्य वाढवलं होतं, की एक नमुना गावातल्या माणसानं दाखवलेल्या जागेवरून घ्यावा. वरच्या साहेबांनी ते खोडलं. मी पुन्हा घातलं, त्यांनी पुन्हा खोडलं, आणि समासात लिहिलं की याला शास्त्रीय आधार नाही. तिसऱ्या वेळी मी ते वाक्य उचलून झाडांच्या संवर्धनाच्या कलमाखाली टाकलं. ते पान कुणी वाचत नाही. त्यानंतर गेलेल्या प्रत्येक करारावर सगळ्यांच्या सह्या आहेत.