बंद करून चालू करा

ऐन सोयाबीनच्या हंगामात मला कामावरून काढलं. मिलच्या वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरांची रांग गेटच्या बाहेर, पार अमडापूरच्या रस्त्याला लागली होती. त्या रांगेतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. मिलचे शेठ केबिनमध्ये बोलावून बोलले असते तर कदाचित मी विसरलेही असते. ते काट्याच्या खिडकीपाशी आले आणि बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका. तुमच्या हाताले यश नाही."

चिखलीजवळच्या त्या ऑइल मिलमध्ये मी काट्यावरची कॉम्प्युटर व्यवस्था सांभाळत होते. इंजिनिअरिंग झालेलं, लग्न होऊन देऊळघाटला आलेली, पुण्याला जायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलेलं, त्यामुळे हे काम मला आवडलं होतं. ट्रॅक्टर काट्यावर चढायचा, वजन स्क्रीनवर उमटायचं, ते मागच्या खोलीतल्या सर्व्हरकडे जायचं आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडायची. सर्व्हर लिनक्सचा. तो बसवून दिला होता बाहेरच्या एका माणसाने. तो कॉलेजात माझा सीनियर होता. तिथे त्याला सर म्हणायची सवय लागली, ती मिलमध्येही सुटली नाही. सर्व्हरचा पासवर्ड त्याच्या एकट्याजवळ. मला काट्यावरचे कॉम्प्युटर पाहायचे, कागद अडकला तर काढायचा आणि सर्व्हरमध्ये नुसतं डोकावायचं, एवढीच मुभा होती. डोकावता येत होतं, बदलता काहीच येत नव्हतं.

अशा मशीनला नेटवर्कमधला पत्ता दोन तऱ्हांनी देता येतो. समोर बसून आज्ञा टाइप केली की पत्ता लगेच लागतो आणि काम सुरू होतं, पण मशीन बंद पडेपर्यंतच. दुसरी तऱ्हा म्हणजे तोच पत्ता एका फाइलीत लिहून ठेवायचा. मशीन सुरू होताना ती फाइल वाचतं आणि नेटवर्कचं कार्ड आपोआप उभं करतं, तिथे कोणी असो की नसो. फाइलीत चार ओळी लिहायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही.

दिवाळीआधी त्याने मिलमधला राउटर बदलला. सगळ्या मशीनचे पत्ते बदलले. सर्व्हरचा नवा पत्ता त्याने माझ्यासमोर टाइप केला आणि बॅग उचलली. मी त्या फाइलीत डोकावून पाहिलं तर जुनाच पत्ता.

"सर, फाइलीत लिहून द्या ना. लाइट गेली तर जुन्या पत्त्यावर उठेल हा."

तो हसला. "लाइट गेली तर मी आहे ना वो. फाइली लिहायले कोनाले टाइम आहे?"

तेव्हा मला तो आळस वाटला होता. तो आळस नव्हता. लाइट जाणार, सर्व्हर आडवा पडणार, सगळे हवालदिल होणार, मग हा मोटरसायकलवरून येणार, बसल्याबसल्या बोटं चालवणार आणि काटा सुरू होणार. लोक म्हणायचे, काय माणूस आहे! त्याला ते हवं होतं. हे कळायला मला पुढे बराच काळ लागला, पण एकदा कळल्यावर मी ते सोडलं नाही.

त्या दिवशी लाइट गेली, बॅटरीनेही मान टाकली. जनरेटर सुरू झाला, सर्व्हर उठला आणि जुन्या पत्त्यावर जाऊन बसला. काट्याला तो सापडेना. पावती निघेना. उन्हात उभे असलेले ट्रॅक्टरवाले आधी हॉर्न वाजवायला लागले, मग शिव्या द्यायला लागले. मी त्याला फोन लावला, शेठना सांगितलं की पत्ता फाइलीत लिहिलेला नाही म्हणून असं झालंय. शेठ म्हणाले, "ते मले नका सांगू, पावती काढा."

तो आला. शेठ त्याच्यामागे उभे राहिले. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडमनं काहीतरी हात लावला असंल. काल तर नीट होतं."

"मी? मला पासवर्डच नाही सर!"

"कोनती तरी बटन दाबली असंल. होते असं, नवीन माणसाच्या हातून."

मग त्याने नवा पत्ता टाइप केला. अर्थात, पुन्हा नुसता टाइपच केला. पावती खर्रकन बाहेर आली, खिडकीबाहेर कोणीतरी "जमलं रे!" म्हणून ओरडलं आणि शेठनी मला ते यशाचं वाक्य ऐकवलं. मी डबा उचलला. रांगेच्या कडेने फाटकापर्यंत चालत गेले. ट्रॅक्टरवर बसलेले लोक वरून पाहत होते. त्यात आमच्याच गल्लीतला एकजण होता. मी एस.टी.ने देऊळघाटला पोहोचायच्या आत बातमी घरी पोहोचलेली होती.

 वाढताना सासूबाईंनी नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त वाढली. नवरा म्हणाला, "जाऊ दे, दुसरं पाहू." मी म्हटलं, "दुसरं पाहीनच. पण जाऊ देणार नाही."

तो पूर्ण हिवाळा मी मिलमधली लाइट जायची वाट पाहिली. कोणी चिखलीहून आलं की विचारायची, काटा चालू आहे का? चालू असायचा. शेठनी मोठ्या बॅटऱ्या आणून बसवल्या होत्या आणि सर्व्हर काही बंद पडत नव्हता. एखादा माणूस खोटं बोलतो आणि त्याचं खोटं बॅटरीवर चालत राहतं, याचा जो संताप असतो, तो मी स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, बसची वाट पाहताना उगाळत राहिले. लोक सांगतात की असा राग माणसाला आतून खातो. मला तरी त्याने काही खाल्लं नाही. मी त्याच रागावर अभ्यास केला. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि मशीन सुरू होताना काय काय होतं, कोणतं कार्ड केव्हा उभं राहतं, हे ते मशीन मुद्दाम बंद पाडून पाडून पाहिलं. पुढच्या जूनमध्ये बुलढाण्याबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात मला कॉम्प्युटर विभाग सांभाळायची नोकरी लागली.

काही वर्षं गेली. कॉलेजात ऑनलाइन परीक्षांचं केंद्र करायचं ठरलं. नवी लॅब, नवा सर्व्हर. कामासाठी जे लोक आले त्यात तो होता. त्याचं काम पसंत करणाऱ्या समितीत प्राचार्य होते, मी होते आणि संस्थेच्या कार्यकारिणीतर्फे एक सदस्य होते. ते सदस्य म्हणजे मिलचे शेठ. आमच्याकडे तेच ते चार मोठे लोक सगळ्या संस्थांवर असतात, त्यामुळे यात नवल काहीच नाही. मला मात्र दोघांची नावं वाचून इतका आनंद झाला की मी येताना बालाजीच्या देवळाशी थांबून पेढे घेतले. घरी कारण सांगितलं नाही.

त्याने मला लॅबच्या दारात ओळखलं. "अरे! तू इथं?" मग आजूबाजूला पाहून, "मॅडम, म्हणजे तुम्ही."

"हो, मीच."

"चला, बरं झालं. घरचंच मानूस."

तो काम करत असताना मी रोज लॅबमध्ये जात होते. केबल नीट आहेत का, स्विच नीट लावलाय का, पाहत होते. चहा पाठवत होते. सर्व्हरला नेटवर्कची दोन कार्डं होती, एक लॅबकडे तोंड करून, दुसरं बाहेरच्या इंटरनेटकडे. दोन्हींचे पत्ते त्याने टाइप करून लावले. इथेही मला सर्व्हरमध्ये नुसतं डोकावता येत होतं, म्हणून मी फाइल उघडून पाहिली. तिच्यात दोन्ही कार्डांचं नावसुद्धा नव्हतं. फक्त मशीन स्वतःशी बोलायला जो आतला मार्ग ठेवतं, तेवढीच एक नोंद होती, लिनक्स टाकताना आपोआप झालेली.

मी फाइल बंद केली. त्याला सांगायचं का, हा विचार माझ्या मनात आलासुद्धा नाही. एकदा सांगून झालं होतं.

पाहणीच्या दिवशी लॅब धुऊनपुसून लख्ख केली होती. प्राचार्य, शेठ, दोन-तीन प्राध्यापक. सगळ्या स्क्रीनवर परीक्षेचं पान उघडलेलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. शेठनी एका कॉम्प्युटरवर उगाच माउस फिरवला आणि म्हणाले, "मस्त."

मी विचारलं, "सर्व्हरचा पासवर्ड कोणाकोणाजवळ आहे सर?"

"फक्त माझ्याजवळ," तो छाती काढून म्हणाला. "सुरक्षेचा मामला आहे. दुसऱ्या कोनाचा हात लागत नाही त्याले."

"छान. मग आता एकदा सर्व्हर बंद करून चालू करा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. कळलं त्याला. त्याचा कान लाल झालेला मी पाहिला.

"त्याची काय गरज आहे मॅडम? चालू तर आहे सगळं."

"परीक्षेच्या दिवशी लाइट जाऊ शकते."

"बॅटरी आहे ना."

"तीही जाऊ शकते."

शेठना घाई होती. "करून दाखवा ना हो. काऊन वेळ लावून राह्यले?"

त्याने सर्व्हर बंद केला, चालू केला. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी सरकत गेल्या आणि थांबल्या. मी प्राचार्यांना म्हटलं, सर, आता पान उघडा. उघडलं नाही. शेजारच्यावर नाही. त्याच्या शेजारच्यावर नाही. सगळी रांग तशीच. सर्व्हर जिवंत होता, पण फक्त स्वतःशीच बोलत होता.

त्याने खुर्ची ओढली आणि कीबोर्डकडे हात नेला.

"हात लावू नका," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "परीक्षेच्या दिवशी तुम्ही इथं नसाल. आपोआप उठला पाहिजे."

आणि मग तो जे बोलला त्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे. तो प्राचार्यांकडे वळून म्हणाला, "सर, कोनीतरी हात लावला असंल. मॅडम रोज येत होत्या इथं."

 मी त्याला थोडा वेळ दिला, म्हणजे ते वाक्य सगळ्यांच्या कानात नीट बसावं. मग विचारलं, "पासवर्ड कोणाजवळ आहे म्हणालात?"

 प्राचार्यच बोलले. "तुम्ही आत्ताच सांगितलं ना, फक्त तुमच्याजवळ?"

मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले, मिलमध्ये शेठ उभे होते तशी, आणि त्याला ती फाइल सगळ्यांसमोर उघडायला लावली. तिच्यात काय असायला हवं होतं आणि काय नव्हतं, ते सांगितलं. हळू सांगितलं, एका वर्गाला शिकवावं तसं. एकदा त्याने मान अर्धी वळवून, कोणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटलं, "बस कर ना वो आता." मी थांबले नाही. काम त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. तो बॅग भरत असताना मी दारात उभी होते. त्याला माझ्या बाजूने वाट काढून जावं लागलं.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण माझा अर्धा हिशेब अजून व्हरांड्यात चहा पीत बसला होता. मी शेठजवळ गेले आणि म्हणाले, "शेठ, तुमच्या काट्यावरही हेच झालं होतं. तुम्ही मला काढलं होतं, रांगेसमोर. चूक आत्ता गेला त्या माणसाची होती."

शेठनी कप खाली ठेवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. खरंच आठवून पाहत होते. "कोनती बाई? तुम्ही होत्या काय आमच्याकडे?"

"हो. सोयाबीनच्या हंगामात."

"असंल, असंल. लय लोक येऊन गेले." मग एकदम उजळून, "मग असं करा ना, आमच्या काट्याचंही पाहून द्या. आपल्याच मानसाले सांगतो आता."

इतकी वर्षं मी ते वाक्य शब्द न् शब्द जपलं होतं आणि ज्याने ते उच्चारलं त्याला माझं तोंडही आठवत नव्हतं. त्या क्षणी मला त्या दुसऱ्याचा, सर्व्हरवाल्याचा, जितका राग कधी आला नव्हता, तितका या माणसाचा आला. मी म्हटलं, "येते. एका अटीवर. काट्याच्या खिडकीपाशी उभं राहून, लोकांसमोर सांगायचं की त्या दिवशी चूक बाईची नव्हती."

"हाव, सांगतो की. त्यात काय?"

आणि त्यांनी सांगितलं. हंगामातच, ट्रॅक्टर उभे असताना, खिडकीपाशी येऊन खणखणीत आवाजात. त्यांना काडीची लाज वाटली नाही. ट्रॅक्टरवाल्यांतलं कोणीच तेव्हाचं नव्हतं. एकाने शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणते शेठ?" शेजारी म्हणाला, "काय माहीत बा. काटा चालू आहे ना?"

शेठनी त्याच्याकडून पासवर्ड मागून घेतला होता; मी आत जाऊन फाइलीत चार ओळी लिहिल्या, सर्व्हर बंद करून चालू केला, पावती निघाल्याची खात्री केली आणि निघाले. शेठवर सूड उगवता आला नाही. ज्याला काही लागतच नाही, त्याला मारायचं तरी कुठे? ते मी सोडून दिलं. सोडून द्यावं लागलं.

त्या दुसऱ्याचं मात्र मी सोडलेलं नाही. त्याला लागलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आता तो दर दिवाळीला, दर संक्रांतीला माझ्या व्हॉट्सअॅपवर शुभेच्छा पाठवतो, फुलांचे फोटो, तिळगुळाचे फोटो. बहुधा आमच्या कॉलेजात पुन्हा काम मिळावं असं वाटत असणार. नवरा म्हणतो, ब्लॉक करून टाक. मी करत नाही. संदेश आला की लगेच उघडते, त्याच्याकडे निळ्या खुणा उमटतील याची काळजी घेते आणि उत्तर देत नाही.