शिसपेन्सिलीची पट्टी

भोरच्या बाजारपेठेत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी दहा-बारा वर्षं बसलो. बसलो असंच म्हणायला हवं, कारण त्या कामात माणूस उठतच नाही. समोर उघडलेला ट्रान्झिस्टर, हातात तापलेली सोल्डरिंगची काडी, नाकात तिचा धूर, आणि पलीकडे रेडिओचा मालक उभा, दर पाच मिनिटांनी 'झाला का?' विचारणारा. संध्याकाळी मान वळायची नाही. खोलीवर जाऊन भाकरी थापायचंही जिवावर यायचं. अशा माणसानं सुट्टीच्या दिवशी गुमान झोपावं. मी सुट्टीच्या दिवशी वाद्य बनवत होतो.

कशासाठी ते आधीच सांगून टाकतो. मला काही नवा शोध लावायचा नव्हता. माझ्या वडिलांना, आबांना, मला पुन्हा एकदा वाजवताना ऐकायचं होतं. बाकी काही नाही.

आमचं गाव वेल्ह्याच्या बाजूला, डोंगराच्या पोटाशी. गावाची वाजंत्री आमच्या घराकडं होती आणि आबा सनई वाजवायचे. लग्न असो, जत्रा असो, बेंदराला कुणाचे बैल मिरवायचे असोत, बोलावणं आलं की जायचं. नाही म्हणायची सोयच नव्हती. मांडवाच्या बाहेर, जिथं लोक चपला काढतात तिथं बसून वाजवायचं, आणि सगळ्या पंगती उठल्यावर उरलेलं धडप्यात बांधून घरी आणायचं. आबांची सनई लई गोड असं सगळा गाव म्हणायचा, आणि म्हणतानाही त्यांना अरे-तुरेच करायचा. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या धडप्यातली बुंदी मी आवडीनं खाल्लेली आहे.

आमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांचा असेन. बैठक झाली. गावकीची कामं बंद, मेलेली गुरं ओढणं बंद, वाजंत्री बंद. आबा बैठकीतून घरी आले, खुंटीवरची सनई काढली आणि चुलीत घातली. लाकूड जळून गेलं, पुढचं पितळी तोंड तेवढं राखेत उरलं. आईनं ते घासून-पुसून घासलेट ओतायचं नरसाळं केलं. आमच्या घरात कुठलीही गोष्ट वाया गेली नाही, आबांची कला सोडून.

त्यांनी केलं ते बरोबर होतं. मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणेन. पण सुट्टीला घरी गेलो की आबा बाजेवर बसलेले दिसायचे आणि त्यांची बोटं बाजेच्या कडेवर उघडझाप करत असायची. त्यांचं त्यांना भान नसायचं. मी बघतोय असं कळलं की हात मांडीखाली घ्यायचे. मला ते बघवायचं नाही. तिथून परत यायला दोन एसट्या बदलाव्या लागत, आणि सगळ्या वाटेत मला तो मांडीखाली घेतलेला हातच दिसत राहायचा.

बहात्तरच्या दुष्काळाच्या जरा आधीची गोष्ट. दुकानात एक ट्रान्झिस्टर आला होता, लावला की नुसता किंचाळायचा. मी आतल्या एका जागी पेचकस टेकवला तर किंकाळी जाड झाली, सरकवला तर बारीक झाली. गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "अहो, दुरुस्त करताय का छळताय त्याला?" मी मात्र कितीतरी महिन्यांनी जागा झाल्यासारखा त्या आवाजाकडं बघत होतो. नाकातला, बारीक, कानात घुसणारा सूर. सनईच्या जवळपासचा. आणि फुंक नाही, लाकूड नाही, गावकी नाही. हे वाद्य आजवर कुणी वाजवलेलंच नव्हतं, तेव्हा ते कुणाच्या वाट्याचं कामही नव्हतं. मला वाटलं, अडचण सुटली.

पहिलं वाद्य मी बिस्किटाच्या डब्यात केलं. बॅटरीतल्या पितळी पट्ट्या कापून एका रांगेत बसवल्या, एकेक दाबली की एकेक सूर. त्यात माझे पाच-सहा महिने गेले. आबांनी दोन पट्ट्या दाबल्या, तिसरी दाबली नाही.

"ह्यात सूर एका जागी उभा ऱ्हातोय," ते म्हणाले. "चालत न्हाई."

आई म्हणाली, "डब्यात मांजर कोंडलंयस व्हय रं?"

मी डबा घेऊन परत आलो. पुढचा महिनाभर मी त्याच्याकडं पाहिलंही नाही. दिवसभर लोकांचे रेडिओ, वर हे. सोडून द्यावं असं रोज वाटायचं, आणि दुसरं काहीच करावंसं वाटत नसल्यामुळं ते राहून जायचं.

मग एका रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचा खटका बिघडून आला. तसले खटके मी पूर्वी शंभरदा उघडले असतील. आत घोड्याच्या नालासारखी काळी पट्टी असते, तिच्यावरून टोक सरकलं की वीज कमी-जास्त होते. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की हा काळा लेप आणि शिसपेन्सिलीचं टोक यांत फारसा फरक नाही. हातभर लांब फळी घेतली, तिच्यावर जाड कागदाची पट्टी चिकटवली आणि मऊ पेन्सिलीनं घासून घासून ती काळीकुळकुळीत केली. शिंपी बोटात घालतात तसलं पितळी टोपण आणून त्याला वायर जोडली. टोपण बोटात घालायचं आणि पट्टीवरून बोट फिरवायचं. खाली नेलं की सूर खाली, वर नेलं की वर, आणि मधे कुठंही न तुटता.

त्याचे नखरे मात्र फार होते. पेन्सिल झिजायची, दर आठवड्याला पट्टी नव्यानं काळी करावी लागायची. उन्हात ठेवलं की सूर आपोआप चढायचा. पावसाळ्यात कागद ओल धरायचा आणि वाद्य घोगरं व्हायचं. वेल्ह्याचा पावसाळा म्हणजे चार महिने सगळंच ओलं. मी ते चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायला सांगितलं.

आबांनी ते पहिल्यांदा हातात घेतलं ती दुपारची वेळ होती. त्यांनी टोपण उलटंपालटं करून बघितलं, बोटात घातलं, आणि पहिल्यांदा असा काही आवाज काढला की ओसरीतली कोंबडी उडाली. पण उठले नाहीत. अर्धा-पाऊण तास ते नुसते सूर शोधत राहिले, कुठं काय आहे ते बोटाला शिकवत राहिले. आणि मग, मी पाणी प्यायला आत गेलो असताना, वरात वेशीत शिरताना ते पूर्वी जे वाजवायचे ते सुरू झालं. चाचपडत, मधेच घसरत, पण तेच. आईच्या हातातलं सूप थांबलं. तिशीचा बाप्या मी, माठाजवळ उभा राहून रडलो. मला इतकं बरं त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही फारसं वाटलेलं नाही.

पावसाळा संपल्यावर वाद्य दुरुस्तीला भोरला नेलं होतं. परत आणताना नसरापूरला वेल्ह्याच्या गाडीची वाट बघत चहाला बसलो. फळी, वायरी, डबा असला अवतार बघून लोक विचारू लागले. मीही नको तितका फुशारलो. दिवसभर 'झाला का?' ऐकणाऱ्या माणसाला कुणी कौतुकानं विचारलं की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी टोपण बोटात घालून वाजवून दाखवलं. आमच्या गावचे दोघंतिघं होते. एकानं विचारलं, "म्हंजे सनईच की ही?"

"सनई नव्हं," मी म्हणालो. "हे आबांसाठी केलंय. ह्याला जात न्हाई, गावकी न्हाई. हे कुणीबी वाजवावं."

चहा घेतल्यासारखं ते वाक्य लोकांनी घेतलं आणि गावात नेलं.

पंधरा दिवसांनी मी घरी असताना गावचे पाटील आमच्या वस्तीत आले. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पूर्वी बोलावणं घेऊन गडी यायचा आणि लांबूनच हाळी द्यायचा. या वेळी पाटील स्वतः आले, ओसरीवर टेकले, आईनं दिलेलं पाणी प्याले. आणि आबांना 'तुमी' म्हणाले. माझ्या आयुष्यात मी ते पहिल्यांदा ऐकलं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

"तुमी सनई सोडली, आमी काय बोललो न्हाई," पाटील म्हणाले. "तुमचा धरम हाय. पर ह्ये सनई न्हाई. तुमच्या पोरानंच सांगितलंय नसरापुरात, ह्येला जात न्हाई म्हून. मग आमच्या पोरीच्या लग्नात वाजवाया काय हरकत हाय? थोरलीच्या टायमाला तुमचीच सनई होती. धाकटी रुसलीय."

ते मनापासून बोलत होते. तेच अवघड होतं. दमदाटी केली असती तर मला उत्तर देता आलं असतं. पण त्यांनी माझंच वाक्य माझ्यासमोर ठेवलं होतं.

आबांनी विचारलं, "पाटील, बसायचं कुठं आमी?"

पाटलांना प्रश्नच कळला नाही. "कुठं म्हंजे? हमेशा बसायचा तिथंच की. जागा काय बदलतीय व्हय?"

आबांनी मान हलवली. "न्हाई जमायचं," एवढंच म्हणाले, आणि पाटलांना वस्तीच्या टोकापर्यंत सोडायला गेले. पाटील रागावले नव्हते. जाताना मला म्हणाले, "तू समजाव त्यास्नी." त्यांना खरोखर वाटत होतं की आबा हट्ट करतायत.

तिथंच ते संपेल असं मला वाटलं होतं. पण वाद्य वाजलं की आवाज ओढ्यापलीकडं गावात जायचा, आणि दुसऱ्या दिवशी वाटेत कुणीतरी म्हणायचंच, "काल वाजवत व्हता की आबा. मग लग्नालाच काय होतंय?" वस्तीतली माणसंही कुजबुजू लागली. ज्यांनी बैठकीत सोबत शपथ घेतली होती त्यातले एक म्हातारे घरी येऊन आबांना म्हणाले, "आज फळी वाजवशील, उद्या मांडवाबाहेर दिसशील." घरात बसून वाजवलेला प्रत्येक सूर म्हणजे कुणाला तरी दिलेला होकार झाला होता. लग्न झालं, आबा गेले नाहीत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक लग्नाला तेच नव्यानं सुरू.

दोन महिन्यांनी मी गेलो तर वाद्य फडक्यात गुंडाळून चुलीवरच्या फळीवर, आणि त्याच्यावर काजळी. आबा बाजेवर. हात मांडीखाली. मला स्वतःचा इतका राग आला की जेवण गेलं नाही. एक कप चहा पिता पिता मी त्यांचं वाजवणं घालवलं होतं, आणि तेसुद्धा इतक्या महिन्यांच्या खटाटोपानंतर. मी आबांना म्हणालो, "मोडून टाकतो हे. सुटे भाग कामाला येतील दुकानात."

आबा म्हणाले, "मोडू नगंस." मग म्हणाले, "आवाज भाईर जाणार न्हाई आसं करता येतंय का?"

ते करणं सोपं होतं. ट्रान्झिस्टरबरोबर कानात घालायची गोळी येते, तशी एक माझ्याकडं पडून होती. पुढच्या खेपेला आलो तेव्हा मी स्पीकरच्या वायरी तोडल्या आणि तिथं ती गोळी जोडली. आबांनी ती उजव्या कानात घातली, टोपण चढवलं आणि पट्टीवर बोट ठेवलं.

ओसरीत काहीच आवाज नव्हता. कागदावर पितळ घासल्याची खसखस तेवढी. आबांचे डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली, बोट पट्टीवर खाली उतरत होतं, मधे थांबून थरथरत होतं, पुन्हा वर जात होतं. ओळखीचं काही असावं, कारण आत येऊन उभी राहिलेली आई त्या बोटाकडं बघून मान हलवत होती. वाटेनं जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, "आबा काय घासत बसल्यात?" आई म्हणाली, "काय न्हाई. फळी साफ करत्यात."

त्यांनी गोळी काढली तेव्हा त्यांचा चेहरा इतका निवांत होता की मला धीर आला. मी म्हणालो, "आबा, दुसरी गोळी जोडतो. अर्ध्या तासाचं काम हाय. मलाबी ऐकता यील."

आबांनी टोपण काढून फळीवर ठेवलं. बोट धोतराला पुसलं.

"नगं," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "तू ऐकलंस की तुला कुणाला तरी सांगावं वाटंल."

दुपारची गाडी पकडून भोरला आलो आणि दुसऱ्या दिवशी दुकानात बसलो.

त्यानंतर आबा सहा-सात वर्षं रोज वाजवत होते. सेल संपले की निरोप धाडायचे, मी नेऊन द्यायचो, पट्टी नव्यानं काळी करून द्यायचो आणि समोर बसायचो. त्यातलं काहीही मी ऐकलेलं नाही.